मिररलेस कॅमेऱ्याला फ्लॅश घेताय? आधी हे तपासा

नवा मिररलेस कॅमेरा घेतला की खरेदीची यादी आपोआप वाढायला लागते. फ्लॅश, ट्रिगर, सॉफ्टबॉक्स, डिफ्युझर, फिल्टर, जास्तीची बॅटरी. त्यात डीएसएलआरच्या काळात लिहिलेले सल्ले अजून सगळीकडे फिरतात, आणि त्यातले बरेचसे मिररलेसला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. फ्लॅश घेताना बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "जास्त पॉवरचा कुठला?" हा प्रश्न मी मुद्दाम तिसऱ्या पायरीवर ढकललाय. तुमच्या बॉडीला मुळात काय चालतं हे आधी कळायला हवं.

खरेदीला बसण्याआधी एवढी माहिती कागदावर लिहून ठेवा:

- कॅमेऱ्याचं पूर्ण मॉडेल नाव. शेवटचा "मार्क टू", "व्ही", "एस" धरून. एका अक्षरानं शू (फ्लॅश बसवायची खाच) बदलतो.
- कॅमेऱ्याचा फ्लॅश सिंक स्पीड, म्हणजे फ्लॅशबरोबर नीट चालणारा सर्वांत वेगवान शटर स्पीड. मॅन्युअलच्या शेवटी तांत्रिक माहितीच्या तक्त्यात सापडतो.
- बॉडीला मेकॅनिकल शटर आहे की नाही.
- लेन्सच्या फिल्टर थ्रेडचे आकार. लेन्सच्या पुढच्या कडेवर किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला गोलात एक तिरकी रेघ असलेल्या चिन्हापुढे लिहिलेले असतात: ४९, ५२, ६७, ७७ वगैरे.
- कॅमेऱ्याच्या बॅटरीचं मॉडेल आणि कार्डचा प्रकार.

## १. शू नीट बघा

कॅमेऱ्याच्या डोक्यावरची जी खाच असते तिला हॉट शू म्हणतात. मधला गोल टिपका फ्लॅशला "आता पेट" एवढंच सांगतो. बाकीच्या छोट्या टिपक्यांतून किंवा पिनांतून टीटीएल (फ्लॅशची पॉवर कॅमेऱ्यानं आपोआप ठरवणं), झूम, हाय-स्पीड सिंक यांची बोलणी होतात, आणि ही भाषा प्रत्येक कंपनीची वेगळी. निकॉनचा फ्लॅश सोनीवर सरकवला तर मॅन्युअलवर पेटेलही, पण बाकी काही चालणार नाही.

एकाच कंपनीच्या आतही घोळ आहेत. कॅननने २०२१ मध्ये आर३ बरोबर मल्टी-फंक्शन शू आणला. त्यासाठीच बनवलेला ईएल-५ फ्लॅश किंवा एसटी-ई१० ट्रान्समीटर जुन्या शूच्या आर५, आर६ वर चालत नाही. उलट आर५० सारख्या छोट्या बॉडीवर जुन्या पद्धतीचा फ्लॅश लावायचा तर मध्ये एडी-ई१ अडॅप्टर लागतो. सोनीचा मल्टी इंटरफेस शू २०१२ पासूनचा. त्याच्या बारीक पिना पुढच्या कडेखाली दडलेल्या असतात, म्हणून फ्लॅश किंवा ट्रिगर तिरका न घालता सरळ रेषेत सरकवायचा. अडतंय असं वाटलं तर जोर न लावता बाहेर काढून परत घाला. आणि शूवर प्लॅस्टिकची पट्टी लावून येते ती आधी काढा! हे सांगावं लागतं, कारण ती काळ्यावर काळी असते आणि दिसत नाही.

काही बॉडींना नुसता कोल्ड शू असतो, म्हणजे खाच आहे पण वीज-संदेश काही नाही. पॅनासॉनिक एस९ तसा आहे. त्यावर माइक किंवा एलईडी लाइट बसेल, फ्लॅश पेटणार नाही.

दुसऱ्या कंपनीचा फ्लॅश, उदाहरणार्थ गोडॉक्सचा, घेताना मॉडेलच्या शेवटचं अक्षर पाहा: सी म्हणजे कॅनन, एन निकॉन, एस सोनी, एफ फुजीफिल्म, ओ म्हणजे ऑलिंपस आणि पॅनासॉनिक. ऑनलाइन मागवताना सगळ्यात जास्त गफलत याच अक्षरात होते. फोटोत सगळे सारखेच दिसतात.

## २. शटर फ्लॅशला साथ देतं का?

मिररलेसमध्ये तीन तऱ्हेची शटर असतात: पूर्ण मेकॅनिकल, फर्स्ट कर्टन इलेक्ट्रॉनिक आणि पूर्ण इलेक्ट्रॉनिक. साध्या सेन्सरवर पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटर चित्र ओळीओळीनं वाचतं. फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास किंवा त्याहून कमी वेळात आटोपतो, आणि तेवढ्यात सगळ्या ओळी एकदम उघड्या नसतात. म्हणून बहुतेक कॅमेरे सायलेंट, म्हणजे पूर्ण इलेक्ट्रॉनिक, शटर चालू असलं की फ्लॅश बंदच करून टाकतात.

"फ्लॅश बिघडलाय" अशा तक्रारींत पहिली तपासणी हीच करा. सायलेंट मोड चालू आहे का? मेनूमधला फ्लॅशचा पर्याय राखाडी झालाय का? झाला असेल तर शटर मेकॅनिकलवर आणा.

आता काही बॉडींना मेकॅनिकल शटर मुळातच नसतं. सोनी झेडव्ही-ई१० मार्क टू वर फ्लॅश चालत नाही. ती बॉडी व्हिडिओवाल्यांसाठी बनवलेली आहे. निकॉन झेड९ आणि झेड८ लाही मेकॅनिकल शटर नाही, पण त्यांचा सेन्सर इतक्या झपाट्यानं वाचला जातो की फ्लॅश व्यवस्थित चालतो. तेव्हा "मेकॅनिकल शटर नाही म्हणजे फ्लॅश नाही" असा सरसकट नियम करू नका, मॉडेलनिहाय बघा.

सिंक स्पीड साधारण १/१६० ते १/२५० सेकंद असतो. त्याच्यापेक्षा वेगवान शटर लावलं की शटरच्या दोन्ही पडद्यांमध्ये फक्त फट उरते आणि फोटोचा एक पट्टा काळा येतो. यावरचा उपाय म्हणजे हाय-स्पीड सिंक: फ्लॅश एकदाच न पेटता ती फट सरकेपर्यंत भराभर लुकलुकत राहतो. ऑलिंपसने ही युक्ती १९८६ मध्ये ओएम-४टीआय आणि एफ२८० फ्लॅशबरोबर बाजारात आणली. निकॉन तिला ऑटो एफपी म्हणतं. किंमत मोजावी लागते ती ताकदीत, ढोबळमानानं दोन स्टॉप किंवा जास्तच (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). भर उन्हात एफ/१.८ वर चेहऱ्यावरची सावली उजळायची असेल तर हे लागेल. घरातल्या फोटोंना त्याची गरज पडत नाही.

(२०२३ मध्ये जाहीर झालेल्या सोनी ए९ थ्री मध्ये ग्लोबल शटर आहे, सगळा सेन्सर एकाच क्षणी वाचला जातो, आणि तिथे सिंक स्पीडची भानगडच संपते. हा लेख वाचणाऱ्यांपैकी फारच थोड्यांकडे तो असेल.)

## ३. आता ताकद

फ्लॅशची ताकद गाइड नंबरमध्ये सांगतात. गाइड नंबरला अंतरानं भागलं की ॲपर्चर मिळतं. आयएसओ १०० ला गाइड नंबर ६० असेल, तर १५ मीटरवरच्या माणसाला एफ/४ पुरतो.

पण डब्यावरचा आकडा कुठल्या झूमला मोजलाय ते वाचा. "६०" हा आकडा बऱ्याचदा फ्लॅशचं डोकं २०० एमएमवर असताना, म्हणजे सगळा प्रकाश अरुंद झोतात एकवटलेला असताना मोजलेला असतो. ३५ एमएमला त्याच फ्लॅशचा आकडा ४० च्याही खाली उतरतो. दोन फ्लॅशची तुलना करायची तर दोघांचे आकडे एकाच झूमचे हवेत.

प्रत्यक्षात किती लागतो याचा हिशोब करून बघू. समजा त्या झूमला गाइड नंबर ३६ देणारा फ्लॅश आहे आणि तुम्ही छतावर मारून प्रकाश खाली आणताय. फ्लॅशपासून छत आणि छतापासून माणूस असं मिळून ६ मीटर अंतर धरा. ३६ भागिले ६, म्हणजे एफ/६. छत प्रकाश पसरवतं आणि थोडा खातंही, त्यात दोनेक स्टॉप जातील. उरला एफ/३ च्या आसपास. आयएसओ १०० चा ४०० केला की हे दोन स्टॉप परत मिळतात आणि तुम्ही पुन्हा एफ/६ जवळ येता. आजच्या सेन्सरला आयएसओ ४०० म्हणजे काहीच नाही.

म्हणजे साधारण उंचीच्या खोलीत ३६ वाला छोटा फ्लॅशही फुल पॉवरवर निभावतो. मोठ्या फ्लॅशचा खरा फायदा असा की हेच काम तो अर्ध्या-पाव पॉवरवर करतो, त्यामुळे लगेच पुन्हा तयार होतो. समारंभ काढणार असाल तर मोठा घ्या. घरच्यांचे, मित्रमंडळींचे, वस्तूंचे फोटो काढणार असाल तर छोटा पुरे.

## ४. मान वळते का?

माझ्या मते फ्लॅशमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, आणि जाहिरातीत ती सगळ्यात शेवटी असते. डोकं वरही उचललं गेलं पाहिजे आणि दोन्ही बाजूंना, अगदी मागेही वळलं पाहिजे. समोरून थेट मारलेला फ्लॅश चेहरा सपाट करतो, कपाळ चमकवतो आणि मागच्या भिंतीवर काळी सावली टाकतो. तोच फ्लॅश बाजूच्या पांढऱ्या भिंतीकडे वळवला की ती भिंतच मोठ्या खिडकीसारखी वागते. फक्त वर उचलणारं डोकं असलं तर कॅमेरा उभा धरल्यावर तुम्ही अडकता: "वर" म्हणजे आता "बाजूला" झालेलं असतं.

भिंत किंवा छत रंगीत असेल तर तो रंग चेहऱ्यावर उतरतो. हिरवट भिंतीसमोर बाउन्स करून मग एडिटिंगमध्ये झगडत बसू नका, दुसरी दिशा शोधा.

वजनाचंही बघा. छोटी मिररलेस बॉडी ३५० ते ४०० ग्रॅमची असते. मोठा फ्लॅश बॅटरीसकट अर्ध्या किलोच्या घरात जातो. कॅमेरा सारखा पुढे कलंडतो आणि तासाभरात मनगट बोलायला लागतं. गोडॉक्सचे टीटी३५०, व्ही३५० या आकाराचे फ्लॅश छोट्या बॉडींवर नीट शोभतात आणि त्यांची मान वळतेही.

आणखी एक खास मिररलेसचा सापळा. जुन्या फ्लॅशच्या पोटावर लाल जाळी फेकणारा फोकस-मदतीचा दिवा असतो. तो डीएसएलआरच्या वेगळ्या फोकस सेन्सरसाठी होता. बहुतेक मिररलेस कॅमेरे त्याचा उपयोग करत नाहीत, कित्येकदा तो पेटतच नाही. तेवढ्यासाठी महागडं जुनं मॉडेल घेऊ नका.

## ५. टीटीएल की मॅन्युअल?

टीटीएलमध्ये फ्लॅश आधी एक हलकी चमक मारतो, कॅमेरा ती लेन्समधून मोजतो आणि मग खरी पॉवर ठरवतो. माणसं हलती, अंतर बदलतं असेल तर टीटीएल हवंच. पांढऱ्या कपड्यांपुढे ते फोटो काळपट करतं, काळ्या कपड्यांपुढे जास्त उजळ. फ्लॅश कॉम्पेन्सेशन, म्हणजे टीटीएलनं ठरवलेली पॉवर, अधिक-उणे करायची सवय लावून घ्या.

वस्तू टेबलावर मांडून फोटो काढणार असाल तर नुसता मॅन्युअल फ्लॅश चालतो आणि तो स्वस्तही पडतो. पहिला फ्लॅश एकच घ्यायचा असेल तर मी टीटीएलवालाच घ्यायला सांगेन. त्याला मॅन्युअलवर कधीही टाकता येतं, उलटं होत नाही.

## ६. पेन्सिल सेल की लिथियम पॅक?

पेन्सिल सेलवर चालणारा फ्लॅश घेतलात तर त्यात निकेल मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल सेल घाला, साधारण २००० एमएएचचे, एनलूप प्रकारचे. त्यांच्यावर १.२ व्होल्ट लिहिलेलं असतं, साध्या अल्कलाइनवर १.५. आकडा कमी दिसला तरी फ्लॅशला हवा तेवढा करंट ते झटकन देतात. अल्कलाइन सेल फ्लॅशमध्ये लवकर धापा टाकतात, आणि विसरून आत राहिले तर पाझरून संपर्काच्या पट्ट्या खातात. चारही सेल एकाच वेळी घेतलेले, एकाच वेळी चार्ज केलेले असू द्या. नवा-जुना मिसळू नका.

लिथियम पॅकचे फ्लॅश फुल पॉवरनंतर दीड-दोन सेकंदांत तयार होतात. तोटा एवढाच की तो पॅक त्याच मॉडेलचा लागतो, ऐनवेळी कुठेही मिळत नाही. विमानप्रवासात सुटे लिथियम पॅक हातातल्या बॅगेत ठेवायचे, चेक-इन सामानात टाकायचे नाहीत.

सलग फुल पॉवरवर मारत राहिलात की फ्लॅश तापतो आणि स्वतःला मंद करतो किंवा बंद करतो. हा बिघाड नाही. थोडं थांबा, आयएसओ एक स्टॉप वाढवा, पॉवर अर्धी करा.

## ७. पहिली चाचणी, आणि काळा पडदा

फ्लॅश आला. खोलीत बसून कॅमेरा मॅन्युअलवर टाका: १/१६० सेकंद, एफ/५.६, आयएसओ ४००. व्हाइट बॅलन्स फ्लॅशवर. ऑटो आयएसओ बंद करा, नाहीतर कॅमेरा आणि फ्लॅश दोघंही आपापल्या परीनं उजेड सावरत बसतात.

आता व्ह्यूफाइंडरमध्ये बघितलंत तर मिट्ट काळोख. घाबरू नका. मिररलेस तुम्हाला या सेटिंगला फ्लॅशशिवाय फोटो कसा येईल ते दाखवतोय, आणि तो खरंच काळा येईल. कंपनीचा फ्लॅश लावला तर काही बॉडी हे ओळखून पडदा आपोआप उजळवतात. फक्त मधल्या पिनेवर चालणारा साधा ट्रिगर लावला तर त्यांना पत्ताच लागत नाही. मग हे स्वतः बंद करावं लागतं:

- सोनी: लाइव्ह व्ह्यू डिस्प्लेमध्ये "सेटिंग इफेक्ट" ऑफ.
- कॅनन: "एक्स्पोजर सिम्युलेशन" बंद.
- निकॉन झेड६, झेड७: "अप्लाय सेटिंग्ज टू लाइव्ह व्ह्यू" ऑफ.
- फुजीफिल्म: मॅन्युअल मोडमधला एक्स्पोजर प्रिव्ह्यू ऑफ.

नव्या मॉडेलांत शब्द थोडे बदललेत, पण पर्याय सगळीकडे आहे. हा मी एका बटणावर बसवून ठेवलाय, कारण फ्लॅश काढला की तो परत चालू करायचा असतो.

पुढे, फ्लॅश न पेटवता एक फोटो काढा. जवळपास काळा यायला हवा. म्हणजे खोलीतले दिवे आता लुडबुड करत नाहीत. मग फ्लॅश मॅन्युअल १/१६ वर ठेवून, छताकडे वळवून दुसरा काढा. कमी पडला तर १/८, मग १/४. आता शटर १/१६० वरून १/६० करा: माणसावरचा प्रकाश होता तेवढाच राहील, पण मागे बल्ब असेल तर तो उजळेल. सिंक स्पीडच्या आत शटरनं फक्त आजूबाजूचा उजेड बदलतो; फ्लॅशचा उजेड ॲपर्चर, आयएसओ, पॉवर आणि अंतरावर ठरतो. ही एवढी चाचणी हातानं करून बघितली की पुढचे कितीतरी व्हिडिओ बघावे लागत नाहीत.

## ८. फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवायचा असेल तर

यासाठी रेडिओ ट्रिगर लागतो, बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवर चालणारे. नियम सोपा आहे: ट्रिगर तुमच्या कॅमेऱ्याच्या कंपनीसाठीचा हवा, म्हणजे त्याचं शेवटचं अक्षर जुळायला हवं; दूर ठेवलेला फ्लॅश त्याच रेडिओ पद्धतीचा असला की पुरे. गोडॉक्सचा कॅननसाठीचा फ्लॅश सोनीवरच्या गोडॉक्स ट्रिगरनं टीटीएलसकट चालतो. म्हणूनच पहिला फ्लॅश घेतानाच कुठल्या रेडिओ कुटुंबात शिरतोय याचा विचार करा. पुढचे फ्लॅश त्याच घरातले घ्यावे लागतील.

ट्रिगर आणि फ्लॅश दोन्हींवर चॅनेल एकच आणि ग्रुप नेमलेला हवा. पेटत नाही म्हटलं की दहापैकी बहुतेक वेळा यातलंच काहीतरी चुकलेलं असतं. बऱ्याच फ्लॅशवर एस१, एस२ असे ऑप्टिकल मोड असतात. ते दुसऱ्या फ्लॅशची चमक बघून पेटतात. मुख्य फ्लॅश टीटीएलवर असेल तर एस२ ठेवा, कारण एस१ आधीच्या हलक्या चमकेलाच पेटून मोकळा होतो.

## ९. प्रकाश मऊ करायचं सामान

प्रकाश मऊ होतो तो उगम मोठा झाला की. फ्लॅशच्या तोंडावर बसणारी पांढरी प्लॅस्टिकची टोपी उगमाचा आकार जवळजवळ वाढवत नाही. ती प्रकाश चौफेर फेकते, म्हणून खोलीत भिंतींच्या मदतीनं फरक दिसतो. मैदानात ती फक्त बॅटरी संपवते.

सुरुवातीला एक स्टँड, एक अंब्रेला आणि फ्लॅश धरायचं ब्रॅकेट एवढं घ्या. ब्रॅकेट बोवेन्स माउंटचं (सॉफ्टबॉक्स जोडायची एक प्रचलित पद्धत) एस प्रकारचं असेल तर पुढे सॉफ्टबॉक्सही त्यावरच बसतो. बाहेर वापरणार असाल तर वाळूची पिशवी हवीच. अंब्रेला लावलेला स्टँड वाऱ्याच्या एका झोतानं आडवा होतो.

नारिंगी सीटीओ जेलचे (फ्लॅशच्या तोंडावर लावायच्या रंगीत पारदर्शक कागदाचे) एक-दोन तुकडे जवळ ठेवा. फ्लॅशचा रंग साधारण ५५०० केल्विन, पिवळ्या बल्बचा ३२०० च्या आसपास. जेल न लावता काढलेल्या फोटोत माणूस निळसर आणि मागची खोली नारिंगी दिसते.

## १०. बाकीचं, थोडक्यात

कॅमेऱ्याची जास्तीची बॅटरी: घ्याच. मिररलेसचा पडदा आणि सेन्सर सतत चालू असतो. यूएसबी-सीवर चार्ज होणारी बॉडी असेल तर पॉवर बँकही कामी येते.

कार्ड: फोटो आणि फोर-के व्हिडिओला व्ही३० (कार्डवर छापलेला वेगाचा वर्ग) चालतं. लांब बर्स्ट किंवा जास्त बिटरेटचा व्हिडिओ असेल तर व्ही६० किंवा व्ही९०, पण कॅमेऱ्याचा स्लॉट यूएचएस-२ (वेगवान कार्डांसाठीचा) असेल तरच त्याचा फायदा. सीएफएक्सप्रेसचे टाइप ए आणि टाइप बी एकमेकांच्या खाचेत बसत नाहीत. नवीन कार्ड आधी पूर्ण भरून, परत वाचून तपासा. खोट्या क्षमतेची कार्डं तिथेच पकडली जातात.

फिल्टर: तुमच्या सर्वांत मोठ्या थ्रेडचा एक एनडी (प्रकाश कमी करणारा गडद फिल्टर) घ्या आणि बाकीच्या लेन्सना स्टेप-अप रिंग (मोठा फिल्टर छोट्या लेन्सवर बसवणारी कडी) लावा. प्रत्येक लेन्सला वेगळा संच घेणं म्हणजे पैसे वाया.

ब्लोअर: लेन्स बदलताना मिररलेसचा सेन्सर उघडा पडतो. कॅमेरा बंद करा, तोंड खाली धरा, पटकन बदला. काही बॉडी बंद केल्यावर शटरचा पडदा ओढून घेतात. त्या नाजूक पात्यांना बोट किंवा ब्लोअरचं टोक लागू देऊ नका. तोंडानं फुंकर कधीही मारायची नाही.

## ११. घरातला जुना फ्लॅश वापरू का?

फिल्म कॅमेऱ्याच्या काळातला फ्लॅश कपाटात असेल तर तो थेट मिररलेसवर लावू नका. त्यातल्या काहींच्या मधल्या टिपक्यावर दोनशे व्होल्टच्या वर दाब असतो, आजच्या कॅमेऱ्याचं सर्किट तेवढं सोसेल याची खात्री नाही. ऑप्टिकल स्लेव्हवर, म्हणजे दुसऱ्या फ्लॅशची चमक बघून पेटेल असा, लांब ठेवून तो वापरता येतो.

अलीकडचा वापरलेला फ्लॅश घेत असाल तर समोर बसून फुल पॉवरवर लागोपाठ दहा वेळा पेटवून बघा. प्रत्येक वेळी तयार व्हायला लागणारा वेळ साधारण सारखा हवा. डोक्यापुढचं प्लॅस्टिक पिवळं किंवा भाजल्यासारखं तपकिरी झालं असेल तर फ्लॅश फार राबलाय. सेलच्या कप्प्यात हिरवी-पांढरी पूड नाही ना, ते बघा. पाय शूमध्ये डुगडुगतो का, कुलूप नीट बसतं का, तेही.

फ्लॅश बंद पडला तरी स्वतः उघडू नका. आतला कपॅसिटर सेल काढल्यानंतरही बराच वेळ तीनशे व्होल्टच्या आसपासचा भार धरून बसलेला असू शकतो. आणि बरेच महिने न वापरता ठेवणार असाल तर सेल बाहेर काढून ठेवा, महिन्यातून एकदा घालून चार-सहा वेळा पेटवा. कपॅसिटरला ते मानवतं.